स्केचबुकमध्ये अल्कोहोल मार्कर आणि रंगीत पेन्सिल एकत्र वापरताना आधी काय? वही कोणती घ्यावी?

आधी मार्कर, मग पेन्सिल. ‘पेन्सिलीवर मार्कर फिरवला की शेड मऊ होते’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांच्या मार्करची टोकं एकदा बघा. अल्कोहोलने पेन्सिलीतलं मेण सैल होतं, रंगासकट टोकात जाऊन बसतं आणि पुढच्या खेपेला पिवळ्या मार्करमधून कळकट रेघ येते. लगेच रद्दी कागदावर घासलं तर निघतं, वाळल्यावर अवघड.

उदाहरणाला पितळी तांब्याचं चित्र घ्या. रेखाटन 2एच या कडक पेन्सिलीने, अगदी हलकं, आणि रंगाआधी नीडेबल इरेजरने, म्हणजे मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने, दाबून उचललेलं. एलिमेंटरी-इंटरमीजिएटची सवय लागलेले इथे एचबी दाबून काढतात. मार्कर फिरला की ते फिसकटतं आणि खाली उरलेलं खोडरबराला दाद देत नाही. चमकेची जागा कोरी सोडायची. बाकी अंगावर फिकट पिवळा, तो ओला असतानाच सावलीच्या बाजूने यलो ओकर (मातकट पिवळा), आणि जोडावर पुन्हा पिवळा. काठाची ठसठशीत कड हवी तिथे मात्र पहिला हात पूर्ण वाळू द्या. दोन-तीन हातांपुढे कागद शाई घेत नाही, रंग रेषेबाहेर फुटतो. वाळल्यावर गळ्याखाली गडद तपकिरी पेन्सिल. खाली निळं कापड असेल तर बुडाशी किंचित निळी. पांढरं जेल पेन सगळ्यांत शेवटी.

शाईची रेघ आधी मारायची तर पिगमेंट शाईच्या फाइनलाइनरने, म्हणजे बारीक टोकाच्या पेनाने, आणि नीट वाळवून. पर्मनंट मार्करची रेघ पसरते, कारण तिची शाईसुद्धा अल्कोहोलमधलीच. लाखेची इंडियन इंकही धोक्याची, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. जलरंग आधी लावून खडखडीत सुकवला तर चालतो. ऑइल पेस्टल आणि चारकोल मार्करच्या खाली अजिबात नको.

राहिली वही. जलरंगाचा 300 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) खरखरीत कागदच हवा, हा आग्रह मला कधीच पटलेला नाही. तो शाई ढोसतो आणि ब्रशच्या टोकाच्या दशा काढतो. गुळगुळीत, 180-200 जीएसएम पुरे. रंग पाठीमागे उतरणारच. पानाच्या एकाच बाजूला काढा, खाली जाड कागद सरकवा. कंपनीचं नाव विचारू नका, दुकानात सुटं पान मागून मार्कर फिरवून बघा.

हे सगळं अल्कोहोल मार्करपुरतं. पाण्यातल्या शाईच्या ब्रशपेनांचं वेगळं, त्यांचा रंग बहुधा पाणी लागलं की पुन्हा सुटतो. आणि हो, अल्कोहोल मार्करचे रंग उजेडात फिके पडतात. भिंतीवर लावायचं असेल तर स्कॅन करून प्रिंट लावा, मूळ पान वहीतच राहू द्या.