शिल्प, सेट, बाग आणि बाबांचं बी.आर्क.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बारावी सायन्स, गणित घेतलेलं, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला ए ग्रेड. बाबा कुडाळचे, आई शिलाँगची, खासी. तुला शिल्पं करायची आहेत, नाटकांचे सेट, फर्निचर, बागासुद्धा. बाबा म्हणतात बी.आर्क. कर, हाताला काम तरी मिळेल. आई म्हणते, मनाला पटेल ते कर. आणि शेवटी तुझी ती ओळ: ‘मी धड कोकणातली नाही, धड खासीही नाही. मग माझी कला कुठली?’

तिथूनच सुरुवात करते. इसामू नोगुची हा शिल्पकार १९०४ साली लॉस एंजेलिसला जन्मला. वडील जपानी कवी, आई अमेरिकन लेखिका. बालपण जपानात. चिगासाकीला आईनं घर बांधायला काढलं, तेव्हा बांधकामावर लक्ष ठेवायला या पोरालाच लावलं आणि सुताराच्या हाताखाली काम शिकू दिलं. तेराव्या वर्षी तो एकटा अमेरिकेत गेला. तिथे त्याला सॅम गिलमोर म्हणत, म्हणजे आईचं आडनाव. पुढे न्यूयॉर्कला डॉक्टरकीची तयारी करता करता तो संध्याकाळी शिल्पाच्या वर्गाला जाऊ लागला, कॉलेज सोडलं आणि वडिलांचं आडनाव लावू लागला. खासी रीतीनं तुला आईचं कूळ लागतं आणि इथल्या फॉर्मवर मधे बाबांचं नाव लिहावं लागतं, तेव्हा ही ओढाताण तुला मी समजावायला नको. १९४२ साली जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबलं, तेव्हा तो ॲरिझोनातल्या पोस्टन छावणीत आपणहून गेला, तिथे बागा आणि मैदानं आखावीत म्हणून. आखलेलं कागदावरच राहिलं आणि बाहेर पडायलाही महिने गेले. दोन्हीकडचा असणं त्यालाही सोपं गेलं नाही.

पण कला कुठली हे ठरवत तो बसला नाही. जिथे शिकण्यासारखं काही दिसलं तिथे तो गेला. १९२७ साली पॅरिसला ब्रांकुशी या शिल्पकाराच्या हाताखाली दगड घडवायला, नंतर क्योतोला कुंभारकामाला. भारतात आला तेव्हा जंतरमंतरचे फोटो काढले. गिफूच्या कंदील करणाऱ्यांचं काम पाहून १९५१ पासून बांबू आणि तुतीच्या सालीच्या कागदाचे ‘अकारी’ दिवे केले. नर्तकी मार्था ग्रॅहमच्या नृत्यांचे सेट, काचेचं टेबल, पॅरिसला युनेस्कोची बाग, सगळं त्याच हातांनी. तुझ्या यादीतलं एकही काम त्यानं सोडलं नाही. मात्र त्या सगळ्याच्या आधी दगड, लाकूड आणि माती त्याच्या हातात बसली होती. माझा सल्ला एवढाच आहे: यादी छोटी करू नकोस, पण पहिली चार वर्षं हात सामग्रीत घाल.

आता बाबांचा मुद्दा. तो खरा आहे. भारतात स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्यानं कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते. शिल्पकाराला तशी अट नाही. त्यामुळे बी.आर्क.ची पाच वर्षं वाया जात नाहीत. पण तुझ्या पत्रात जांभ्याचा चिरा आहे, शेणानं सारवलेलं खळं आहे, आईच्या गावाकडचा रबराच्या झाडाच्या जिवंत मुळांचा पूल आहे. घरात राहणारं माणूस एकदाही आलेलं नाही. कुणाच्या स्वयंपाकघरात उजेड कुठून यावा, याचा विचार करण्यात ज्याला रस असतो त्यानं आर्किटेक्चर घ्यावं. तुझा रस मला दगडात आणि मुळांत दिसतो. म्हणून पहिली पसंती बीएफए, म्हणजे ललितकलेची पदवी, त्यात शिल्पकला. नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेशपरीक्षाही दे, दार उघडं राहील. नोगुची नोंदणीकृत आर्किटेक्ट नव्हता, पण शोजी सादाओ हा आर्किटेक्ट वर्षानुवर्षं त्याच्या जोडीला होता. तुलाही अशी जोडी मिळू शकते.

मुंबईचं जेजे, बडोद्याचं कला महाविद्यालय आणि शांतिनिकेतनचं कलाभवन, तिन्ही बघ. प्रवेशाची रीत प्रत्येकाची निराळी, त्यामुळे त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. कलाभवनाच्या आवारात शिल्पकार रामकिंकर बैज यांचं ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प आहे, १९३८ चं, सिमेंट आणि जांभ्याच्या खडीतून केलेलं. तुझ्या अंगणातला दगड तिथे काय झालाय ते जाऊन बघ.

पैशाचं लपवत नाही. पहिली वर्षं ओढीची असतात. नोगुचीनं न्यूयॉर्कमध्ये लोकांच्या चेहऱ्यांची शिल्पं, अर्धपुतळे करून पोट भरलं आणि त्यातूनच ओळखी जोडल्या. १९३३ साली त्यानं मुलांसाठी खेळायचा डोंगर सुचवला, न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी तो उडवून लावला. तो डोंगर अखेर साप्पोरोच्या मोएरेनुमा बागेत उभा राहिला, जुन्या कचराभूमीवर. बाग पूर्ण झाली २००५ साली, तो जाऊन जवळपास १७ वर्षं झाल्यावर. तुझ्यासाठी सेट, प्रदर्शनांची मांडणी, शाळांतले वर्ग ही पोटापाण्याची कामं आहेत. ती कमी दर्जाची मानू नकोस.

परीक्षा संपली की कुडाळला जा. पावसाआधी चिरेखाणीवर आणि एखाद्या गवंड्याबरोबर काही दिवस काढ, चिरा कसा तासतात ते हातानं करून बघ. पाऊस सुरू झाला की गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, माती मळायला बस. पोर्टफोलिओत फोटोवरून काढलेली चित्रं नकोत. आजोळी जाशील तेव्हा त्या पुलाची मुळं समोर बसून काढ: कोणतं मूळ कुठून आलं, कुठे दुसऱ्याला मिळालं, लोकांनी ते बांबूनं कुठे वळवलं. असे दहा कागद झाले की मला पाठव, आणि बाबांनाही दाखव.