डी अँड डीमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा भूमिकांचा खेळ) पाचव्या लेव्हलच्या फायटरला (लढवय्या पात्राला) आगीची तलवार दिली तर खेळ बिघडेल का?

तुम्ही सुचवलेली तलवार अशी: +२ (वाराच्या फाशात आणि डॅमेजमध्ये दोनाची भर), शिवाय लागलेल्या प्रत्येक वाराला २डी६ (सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) आगीचं डॅमेज. माझं मत, आग ठेवा, +२ काढून टाका.

हिशेब करून बघा. फायटरची स्ट्रेंग्थ १८, हातात ग्रेटस्वोर्ड, समोरच्याचा आर्मर क्लास (वार बसायला गाठावा लागणारा आकडा) १५. फायटरची स्वतःची भर धरून साध्या तलवारीला विसाच्या फाशावर ८ लागतात, म्हणजे ६५ टक्के वार बसतात, आणि बसलेला वार सरासरी ११चा. तुमच्या तलवारीला ६ पुरतात, ७५ टक्के वार बसतात, आणि तेही २०चे. क्रिट (फाशावर २० पडल्यावरचे जबर वार) बाजूला ठेवले तरी एका टर्नचं, म्हणजे त्याच्या पाळीतल्या दोन वारांचं, सरासरी डॅमेज १४ वरून थेट ३० वर! अ‍ॅक्शन सर्ज (फायटरला त्याच टर्नमध्ये आणखी एक कृती देणारी क्षमता) वापरला की दोनाचे चार वार होतात, ते वेगळंच. टेबलावर रोग (rogue, लपूनछपून वार करणारं पात्र) असेल तर त्याचाही विचार करा. या लेव्हलला त्याचा स्नीक अटॅक (बेसावध शत्रूवरचा जास्तीचा मार) ३डी६, तोही टर्नला एकदाच. दोन्ही वार बसले तर फायटरची नुसती आगच त्याच्या पुढे जाते. मग त्या बिचाऱ्याने करायचं काय?

तुम्ही म्हणाल, पुस्तकातली फ्लेम टंगही दर वाराला २डी६ देतेच की. देते, पण तिला प्लस नाही, ती अ‍ॅट्यून करावी लागते (वापरण्याआधी पात्राशी जोडून घ्यावी लागते) आणि पेटवायला बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधली जास्तीची छोटी कृती) जाते.

मी असतो तर तलवारीच्या कार्डावर एवढंच लिहिलं असतं: ‘दर टर्नला एकदा, वार लागल्यावर, २डी६ आग.’ टर्नच्या डॅमेजची सरासरी २०च्या आसपास येते. भारी वाटते, पण बाकीचे झाकोळले जात नाहीत. ‘टर्न’ हाच शब्द ठेवा, ‘राउंड’ (सगळ्यांच्या टर्नची एक फेरी) नको. म्हणजे शत्रूच्या टर्नमध्ये अपॉर्च्युनिटी अटॅक (शत्रू जवळून निघून जाताना मिळणारा वार) मिळाला तर आग पुन्हा लागते, आणि फायटर जागा धरून उभा राहायला लागतो.

चार्जेसचा (आग दिवसातून ठरावीक वेळाच वापरता येण्याचा) पर्याय बरेच जण सुचवतील. दिवसाला चार-पाच लढाया होत असतील तरच तो चालतो. एकच मोठी लढाई होत असेल तर सगळे चार्ज तिथेच उधळले जाणार, म्हणजे बंधन नावापुरतंच.

आणि तलवार दिल्यावर पुढचा प्रत्येक राक्षस आगीला इम्यून (आगीने काहीच न होणारा) काढू नका. खेळाडूंना ते लगेच कळतं. अकराव्या लेव्हलला तिसरा वार मिळेल, तेव्हा हवं तर +१ द्या, आगीची अट तशीच राहू द्या.