‘चारच महिन्यांत का सोडलीत?’

प्रश्न : एका कंपनीत सहा वर्षं कॉस्टिंगचं, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब मांडण्याचं काम केल्यावर मी नवी नोकरी धरली. मुलाखतीत कॉस्टिंगचंच बोलणं झालं होतं, ऑफर लेटरमध्येही तेच होतं. महिनाभरात मला थकबाकी वसुलीच्या फोनवर बसवलं. ‘तात्पुरतं आहे’ म्हणत ते तसंच चालू राहिलं. साहेबांशी बोलले, मेल केला, काही झालं नाही. चौथ्या महिन्यात राजीनामा दिला. आता मुलाखतीत ‘इतक्या लवकर का सोडलीत?’ असं विचारलं की मी बोलतच सुटते आणि समोरच्यांचे चेहरे बदलतात. हे चार महिने बायोडेटामधून काढूनच टाकू का?
— एक वाचक

उत्तर : काढू नका. मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, माणसं निवडायला बसत आले आहे. बायोडेटा हातात आला की आमचं बोट आधी तारखांवरून फिरतं. चार महिने काढलेत तर तिथे चार महिन्यांची मोकळी जागा दिसेल आणि प्रश्न तिच्यावर येईल. काही जण जुन्या नोकरीची तारीख पुढे ओढून ती जागा भरतात. ते तर अजिबात करू नका. रुजू होण्याआधी जुन्या कंपन्यांकडे चौकशी होते, पीएफ कापला गेला असेल तर तिथेही नोंद असते. तारीख खोटी निघाली की हातात आलेली ऑफर परत घेतली जाते, आणि मग कारण कितीही खरं असलं तरी कुणी ऐकून घेत नाही. दोन-तीन आठवड्यांची नोकरी बायोडेटात न लिहिणं एक वेळ चालतं. पण अर्जात ‘आतापर्यंतच्या सर्व नोकऱ्या’ असा रकाना असेल तर तीही लिहायची.

आता तुमच्या उत्तराकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. हा प्रश्न विचारताना आमच्या मनात जुनी कंपनी फारशी नसते. ‘ही बाई आपल्याकडूनही अशीच जाईल का?’ एवढीच धाकधूक असते. तुम्ही साहेब कसे वागले, मेलला उत्तर कसं आलं नाही, हे सांगत राहता तेव्हा त्या धाकधुकीला उत्तरच मिळत नाही. उलट वाटतं, उद्या आमच्याबद्दलही ही असंच बोलेल. तुमच्यावर अन्याय झाला, याबद्दल मला शंका नाही. ठरलेलं काम न देणं ही फसवणूकच आहे आणि तुम्ही तिथून निघालात ते योग्य केलंत. पण त्याची दाद मुलाखतीत मागायची नसते.

तुमच्या पत्रातलेच तपशील घेऊन उत्तर असं बांधा : ‘कॉस्टिंगसाठी मी रुजू झाले होते. महिनाभरात काम बदलून वसुलीचं झालं. वरिष्ठांशी बोलले, लेखीही विचारलं. मूळ काम परत मिळेल असं दिसेना, म्हणून राजीनामा दिला. त्याआधी मी सहा वर्षं एकाच ठिकाणी होते आणि तुमच्या जाहिरातीतलं काम तेव्हाच्या कामाशी जुळतं, म्हणून अर्ज केला.’ बस. अर्ध्या मिनिटात होतं. ती सहा वर्षं हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे आणि तुमच्या पत्रात तो पहिल्याच ओळीत येऊन मागे पडला आहे. ‘व्यक्तिगत कारण’ किंवा ‘शिकायला काही मिळत नव्हतं’ असं मोघम बोलू नका. असं ऐकलं की आम्ही आणखी खोदतो.

हे उत्तर घरी मोठ्याने म्हणून पाहा. गळा दाटतो तो बहुधा ‘साहेब’ या शब्दापाशी, म्हणून वरच्या उत्तरात तो शब्दच ठेवलेला नाही. बोलून झालं की थांबा. समोर शांतता पसरली तरी ती भरायला जाऊ नका. ते बहुतेक वेळा लिहून घेत असतात. ‘थोडं थांबून पाहायचं होतं,’ असं कुणी म्हणालं, तर ‘बोलून पाहिलं, वाट पाहिली आणि मग ठरवलं,’ एवढंच सांगा. नोटिस पीरियड पूर्ण केला असेल तर तेही सांगा. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र, घेतलं नसेल तर आजच मेल करून मागा. ओळख म्हणून नाव द्यायचं झालं तर सहा वर्षांच्या नोकरीतल्या वरिष्ठांचं द्या, त्यांना आधी कळवून.

आजारपण, घरची जबाबदारी, थकलेला पगार अशा कारणांसाठी नोकरी सोडलेल्या वाचकांनीही एका वाक्यात खरं कारण सांगावं आणि ती अडचण आता मिटली असेल तर तसं म्हणावं. त्रास किंवा छळ झाला असेल, तर त्याचे तपशील अनोळखी माणसांपुढे उघडण्याची सक्ती तुमच्यावर कुणीही करू शकत नाही.

आणि या वेळी तुम्हीही विचारा. ‘या जागेवर आधी कोण होतं? ते का गेले? पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडे नेमकं कोणतं काम असेल?’ ऑफर आली की कामाचं स्वरूप मेलवर लिहून मागा. ते द्यायला टाळाटाळ झाली, तर सही करू नका.