नोकरी शोधणारे स्वयंसेवक आणि संस्थेची जबाबदारी

प्रश्न : आमची संस्था लहान आहे. नोकरीच्या शोधात असलेल्या काही जणांना स्वयंसेवक म्हणून घेण्यापूर्वी आम्ही कोणती पूर्तता करावी?

उत्तर : देऊ केलेले काम एखाद्या पगारी कर्मचाऱ्याची जागा भरून काढणारे तर नाही ना, हे सर्वप्रथम तपासावे, कारण बहुतेक वाद तिथेच उद्भवतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१३ मधील कामगार सांख्यिकी परिषदेने स्वयंसेवेची व्याख्या करताना ती विनामोबदला, सक्तीविना आणि इतरांसाठी केलेली असावी असे ठरवले, आणि विनावेतन प्रशिक्षणार्थींचे काम त्यातून वेगळे काढले. त्यामुळे ‘आधी फुकट काम करा, मग नोकरीचे पाहू’ हे आश्वासन स्वयंसेवेत बसत नाही, आणि खरे तर ते शोभतही नाही.

कामाचे स्वरूप, तास, कालावधी आणि देखरेख करणारी व्यक्ती लेखी नोंदवावी. अपघात विम्यात स्वयंसेवकांचा समावेश आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. मुलांशी किंवा वृद्धांशी संबंध येणार असेल, तर पार्श्वभूमीची पडताळणी टाळू नये. प्रवासखर्च पावतीनुसार द्यावा. ठोक रक्कम दिल्यास ती वेतन समजली जाऊ शकते. बेरोजगार भत्ता घेणाऱ्यांसाठी हजेरीची नोंद नेमकी ठेवावी, आणि मुलाखतीसाठी आयत्या वेळी मागितलेली सुट्टी विनातक्रार द्यावी.