घरातल्या खोलीत सर्व्हर ठेवून होस्टिंगचा धंदा जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात एक खोली रिकामी आहे, फायबरची लाईन आहे, हाताशी दोन लाख रुपये आहेत. जुने सर्व्हर विकत घेऊन गावातल्या शाळा, दुकानं, दवाखाने यांच्या वेबसाइट त्यावर ठेवायचा धंदा सुरू करावा का?

धंदा जरूर करा, पण त्या खोलीत नको. आणि सर्व्हर सगळ्यात शेवटी घ्या. मी नेमकं उलटं केलं होतं, म्हणून सांगतो.

२०१७ साली कोल्हापुरात, शाहूपुरीत, वडिलांच्या दुकानावरच्या खोलीत मी दोन सर्व्हर आणून ठेवले. डेलचे आर-६२०, सेकंडहँड, मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घेतलेले. एकेकाचं वजन अठरा-एकोणीस किलो. खाजगी बसच्या डिकीत टाकायचा धीर होईना, म्हणून दोन जादा सीटची तिकिटं काढून ते शेजारी बसवून आणले. जाडी जेमतेम पावणेदोन इंच, त्यामुळे पंखे अगदी छोटे आणि वेग भयंकर. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा आई खालून ओरडली, "वर गिरणी घातलीस काय रे?" रात्रीच्या शांततेत तो आवाज तीन घरांपलीकडे जायचा. विकणारा हे सांगत नाही.

आता विजेचा हिशोब. दोन सर्व्हर, स्विच, राउटर आणि बॅकअपसाठी ठेवलेला जुना कॉम्प्युटर मिळून ४०० वॅट. चोवीस तास, तीस दिवस चालले की २८८ युनिट. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच पडते, म्हणजे एसी आला, त्याचे आणखी तीनशेच्या आसपास. मीटर दुकानाचा, दर व्यापारी. युनिटला १२ रुपये धरले तरी महिन्याचे सात हजार, वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार झाले. तेव्हा माझ्याकडे चाळीस ग्राहक होते, वर्षाला अडीच हजार देणारे. म्हणजे एक लाखातले चौऱ्याऐंशी हजार महावितरणला. उरलेल्या सोळा हजारांत इंटरनेटची लाईन, पॅनेलचं (साइट सांभाळायच्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स आणि माझा पगार!

इन्व्हर्टरचं तर हसूच आहे. १५० एएचच्या दोन बॅटऱ्या जोडल्या होत्या, पाच-सहा तास निवांत चालायच्या. पण एसी इन्व्हर्टरवर नव्हता. वीज गेली की बॅटरी भरलेली असताना खोली पाऊण तासात भट्टी व्हायची. एप्रिलमधल्या एका दुपारी मी खिडक्या उघडून, दोन टेबलफॅन लावून, वर्तमानपत्रानं वारा घालत बसलो होतो. वाचायला गंमत वाटेल, पण एका पतसंस्थेची साइट त्यावर होती.

लाईनबद्दल. घरगुती फायबरवर बहुतेक ठिकाणी तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मिळतच नाही, शंभर घरांमागे एक पत्ता वाटून दिलेला असतो. म्हणजे बाहेरून तुमच्या सर्व्हरपर्यंत कोणी पोचूच शकत नाही. स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी हवा तर बिझनेस प्लॅन घ्यावा लागतो, आणि घरगुती प्लॅनच्या अटींमध्ये सर्व्हर चालवायला बहुधा मनाई असते ती वेगळीच. बरं, आयपी मिळाला तरी मेलचं रडगाणं संपत नाही. स्पॅम रोखणाऱ्या याद्यांमध्ये घरगुती ग्राहकांचे पत्ते आधीच नोंदलेले असतात. तिथून निघालेली मेल जीमेल किंवा आउटलुक सरळ नाकारतं, नाहीतर स्पॅममध्ये ढकलतं. रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद, लावून द्या म्हणून मी आमच्या इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला साहेबांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय करायचं?" मी परत आलो.

दोन कंपन्यांच्या लाईनी घेतल्या की प्रश्न सुटेल असं वाटलं होतं. रस्ता खोदताना जेसीबीनं एक तोडली तेव्हा कळलं की दोन्ही एकाच चरातून आल्या होत्या. आणि समजा दुसरी जिवंत राहिलीच, तरी तिचा आयपी वेगळा! एकच पत्ता दोन्ही लाईनींवर चालवायचा तर स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आपल्या नेटवर्कची ओळख) आणि कमीत कमी २५६ पत्त्यांचा गठ्ठा लागतो, कारण त्याहून लहान गठ्ठा जगातले राउटर सहसा स्वीकारत नाहीत. भारतात हे निक्सी या संस्थेच्या आयआरआयएनएनकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या विभागाकडून, मिळतं. पण आयपीव्ही४चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते मुळातच संपत आलेत: जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले, आणि आपल्या आशिया-पॅसिफिक भागात नव्या सभासदाला आता जास्तीत जास्त ५१२ पत्ते देतात. सुरुवातीला या भानगडीत पडू नका. एका पत्त्यावर शेकडो साइट आरामात चालतात, एसएसएलसकट (https ची सुरक्षा).

मग आला ऑगस्ट २०१९ चा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमची खोली वरच्या मजल्यावर, सर्व्हरना पाण्याचा थेंबही लागला नाही. पण वीज बंद केली ती दिवसचे दिवस आली नाही. जनरेटर भाड्यानं आणावा तर शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, आणि पेट्रोल-डिझेलसाठी पंपांवर रांगा. मी राजारामपुरीत मावशीकडे, हातात मोबाइल आणि मित्राचा लॅपटॉप.

वाचलो ते एका गोष्टीमुळे. रोज रात्री सगळ्या साइटचा बॅकअप मुंबईतल्या आठशे रुपये महिन्याच्या भाड्याच्या व्हीपीएसवर, म्हणजे मोठ्या सर्व्हरमधल्या वेगळ्या काढलेल्या हिश्श्यावर, जात होता. त्यावरच साइट उभ्या केल्या, एकेक करून, दीड दिवसात. तिथेही एक मूर्खपणा नडला: साइटचं नाव कुठल्या आयपीवर आहे ते डीएनएस सांगतं; ते उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं ती मुदत, म्हणजे टीटीएल, मी २४ तासांचा ठेवला होता. त्यामुळे साइट नव्या जागी चालू झाली तरी कित्येकांना दिवसभर जुनाच पत्ता दिसत राहिला. तुम्ही पाच मिनिटांचा ठेवा, फुकट आहे.

पाणी ओसरल्यावर हिशोब मांडला तेव्हा लक्षात आलं की त्या आठशे रुपयांच्या व्हीपीएसवर चाळीस साइट कुरकुर न करता चालल्या होत्या. दीड लाखाच्या लोखंडाची गरजच नव्हती.

ज्यांना "आमचा बॅकअप आहे" म्हणायची सवय आहे, त्यांनी मार्च २०२१ आठवावा. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएचच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, लाखो साइट बंद पडल्या; आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. रेड, म्हणजे एकच डेटा दोन डिस्कवर ठेवणं, हा बॅकअप नव्हे, हेही सांगून ठेवतो. डिस्क मेली तर रेड वाचवतो. तुम्ही चुकीचं फोल्डर उडवलं तर तो तत्परतेनं दोन्ही डिस्कवरून उडवतो. मी उडवलंय. आणि महिन्यातून एकदा बॅकअपवरून एखादी साइट खरोखर उभी करून बघा. तोवर तो बॅकअप आहे असं धरू नका.

आता तुमच्या दोन लाखांचं काय करायचं. पहिल्या वर्षी त्यातले चाळीस-पन्नास हजारच काढा. मुंबईत डेटा सेंटर असलेल्या कंपनीकडून एक बरा व्हीपीएस घ्या, बॅकअपसाठी दुसऱ्याच कंपनीकडून, दुसऱ्या शहरात, एक छोटा घ्या. सीपॅनेल या पॅनेलवर धंदा बेतण्याआधी त्याचे आजचे दर नीट बघा. पूर्वी एका सर्व्हरचे ठरावीक पैसे भरले की हवी तेवढी खाती ठेवता यायची. जून २०१९ मध्ये त्यांनी खात्यांच्या संख्येवर दर लावायचं जाहीर केलं आणि माझ्यासारख्या लहान लोकांचं गणित एका ईमेलमध्ये कोलमडलं. मी डायरेक्टअ‍ॅडमिनवर गेलो. हेस्टियासारखी फुकट पॅनेलंही चांगली आहेत, फक्त अडलं तर विचारायला माणूस नसतो. एसएसएलचे वेगळे पैसे लावू नका. लेट्स एन्क्रिप्ट आल्यापासून ते फुकट आहे आणि ग्राहकाच्या भाच्याला ते माहीत असतं.

किमतीत मोठ्या कंपन्यांशी भांडू नका, हरालच. त्या महिन्याला शंभर-दीडशे रुपयांत देतात. माझ्याकडे शाळेचे मुख्याध्यापक येतात ते दुसऱ्याच कारणासाठी. त्यांना "तिकीट रेझ करा" हे वाक्य कळत नाही. ते फोन करतात, म्हणतात, "सर, ते निकालाचं पान दिसत नाही बघा," आणि मी मराठीत उत्तर देतो. दहावीच्या निकालाच्या दिवशी फोन उचलतो, हेच मी विकतो. त्याचे अडीच-तीन हजार लोक देतात.

मेल मात्र स्वतः ठेवू नका. हे मी कळवळून सांगतोय. एका ग्राहकाच्या कारकुनाचा पासवर्ड गावाचं नाव आणि १२३ असा होता. एका रात्रीत त्याच्या खात्यातून हजारो स्पॅम गेले, आमचा आयपी काळ्या यादीत, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांची मेल बंद. एकाच्या पासवर्डची शिक्षा एकोणचाळीस जणांना. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेल खरी असल्याच्या खुणा सगळ्या लावूनही नव्या आयपीची पत जमायला महिने लागतात. मेल गूगल किंवा झोहोकडे द्या, सेटअपचे पैसे घ्या, रात्री झोपा.

कागदपत्रं. सेवांना वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण पतसंस्था आणि कारखाने जीएसटीचं बिल मागतात, म्हणून मी आधीच केली. दर १८ टक्के. याहून महत्त्वाचं म्हणजे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश. सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची, १८० दिवसांचे लॉग (सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदी) ठेवायचे, आणि व्हीपीएस विकत असाल तर ग्राहकाची पडताळलेली माहिती तो सोडून गेल्यावरही पाच वर्षं जपायची. लहान आहोत म्हणून आपल्याला लागू नाही असं समजू नका. एकदा एका सोडून दिलेल्या वर्डप्रेसवरच्या साइटमध्ये कोणीतरी बँकेचं खोटं लॉगिन पान घुसवलं होतं. मी तासाभरात बंद केलं, पण तो तास फार लांबला. तेव्हापासून जुनी प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) असलेली साइट मी घेतच नाही. आधी दुरुस्ती, मग होस्टिंग.

आणि डोमेन, म्हणजे साइटचं नाव, ग्राहकाच्याच नावावर घ्या. आपल्याकडे अनेक जण ते स्वतःच्या नावावर ठेवतात आणि ग्राहक सोडून चालला की अडवतात. हा धंदा नाही, ही सावकारी झाली.

स्वतःचा सर्व्हर कधी घ्यायचा? भाड्याचं बिल दर महिन्याला ठरावीक येत असेल, वाढत चाललं असेल आणि त्यात मुख्य खर्च रॅम आणि डिस्कचा असेल, तेव्हा. माझ्याकडे दीडशे ग्राहक झाल्यावर ते गणित जमलं. २०२० च्या सुरुवातीला नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये मी जागा घेतली. याला कोलोकेशन म्हणतात: सर्व्हर तुमचा, रॅकमधली (सर्व्हर ठेवायच्या उंच कपाटातली) जागा, वीज, थंडावा, लाईन त्यांची. रॅकमधली उंची 'यू'मध्ये मोजतात, एका रॅकमध्ये साधारण ४२ यू असतात, माझे दोन. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. मला ते टीव्हीवर कळलं. सर्व्हरला कळलंच नाही.

तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मात्र फजिती झाली. सेकंडहँड सर्व्हरबरोबर रेल (रॅकमध्ये अडकवायच्या पट्ट्या) मिळाले नव्हते, आणि रेलशिवाय तो रॅकमध्ये बसत नाही. भाड्यानं एक शेल्फ घ्यावं लागलं, त्यात आणखी एक यू गेला. आणि मी घरून आपल्या तीन पिनांच्या पॉवर केबल नेल्या होत्या. रॅकच्या पीडीयूवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या पट्टीवर, तसं सॉकेटच नसतं, सी-१३ असतं. त्याला सी-१४ टोकाची केबल लागते. रात्री आठ वाजता महापे एमआयडीसीत अशी केबल शोधत फिरणं काय असतं ते मी बघितलंय. शेवटी शेजारच्या रॅकवाल्या एका पोरानं दोन दिल्या, पैसे घेतले नाहीत. तेव्हा सर्व्हर ठरवताना रेल, दोन सी-१४ केबल, एक जादा पॉवर सप्लाय आणि दोन जादा डिस्क त्याच सौद्यात मागून घ्या. आयड्रॅकचं, म्हणजे डेलचा सर्व्हर लांबून चालवायच्या सोयीचं, रिमोट कन्सोल चालतं का तेही दुकानातच तपासा. नाहीतर सर्व्हर अडकला की एक बटण दाबायला रात्रीची बस धरावी लागते.