नव्या नगरसेवकासाठी: तक्रार आली की आधी काय बघायचं

तक्रारवही पहिल्या दिवसापासून ठेवा. तारीख, नेमकी जागा, खांबाचा क्रमांक, किती घरांना त्रास आहे, एवढं लिहिलं की अर्धं निदान तिथेच होतं. रस्त्यावरचा एकच दिवा बंद असेल तर बहुधा दिवा किंवा जोडणी. सलग ओळ अंधारात असेल तर केबल, फ्यूज नाहीतर टायमर.

पाणी गढूळ येतंय, वास येतोय असं कुणी म्हटलं तर बाकी सगळं बाजूला ठेवा. शेवटच्या घरातल्या नळाला शिल्लक क्लोरीन (जंतू मारायला पाण्यात टाकलेल्यापैकी उरलेलं) लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी निघालं, तर गटाराजवळून गेलेली जलवाहिनी आधी तपासायला लावा. पुरवठा बंद झाला की वाहिनीतला दाब जातो आणि सांडपाणी फटीतून आत शिरतं. दुरुस्तीनंतर वाहिनी धुऊन पुन्हा चाचणी झालीच पाहिजे. तोवर पाणी उकळून प्यायला घरोघरी सांगा, नुसता फलक लावून भागत नाही.

खड्ड्यात नुसती खडी-माती टाकू देऊ नका. कडा उभ्या कापून, आतलं पाणी आणि माती काढून, डांबराचा हात मारून थराथराने दाबलं तरच तो टिकतो.

आणि प्रत्येक अर्ज लेखी द्या, पोच घ्या, तिचा क्रमांक तक्रारदारालाही कळवा.