दुकानाच्या दारातून मागे फिरताना

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पारलिंगी (ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असलेल्या) व्यक्तींच्या तोंडून एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की समोरची व्यक्ती अडखळू लागली तरी पुढचे शब्द मला कळतात. “दुकानात कोणी अपमान केला तर उत्तर द्यावे की निघून यावे? उत्तर दिले तर तमाशा होतो, आणि निघून आले तर रात्रभर स्वतःचाच राग येतो.” घर, नोकरी, नाती असे मोठे विषय बाजूला ठेवून ही माणसे साबण आणि चपला विकत घेण्याबद्दल का बोलत बसतात, असे सुरुवातीच्या काळात मला वाटत असे. नोकरीच्या मुलाखतीला माणूस मनाची तयारी करून जातो, पण साबण आणायलाही तशीच तयारी करून जावे लागत असेल तर त्याचा दिवस किती थकवणारा असेल, हे समजायला मला वेळ लागला. ते समजावले एका अशिलाने. तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून ती हकीकत येथे लिहीत आहे.

ती तिशीतली ट्रान्स स्त्री होती. हिशेबाचे काम करणारी, मोजके बोलणारी. चपलांच्या दुकानात ती एक जोड हातात घेऊन पाहत असताना विक्रेत्या मुलीने लांबूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले होते, “सर, जेंट्सच्या चपला तिकडे आहेत.” दोन ग्राहक वळून पाहू लागले, एक जण हसला. तिने जोड खाली ठेवला आणि ती बाहेर पडली. त्यानंतर आठ महिने तिने सुईदोऱ्यापासून सगळे घरपोच मागवले. मागवण्यात गैर काहीच नाही, पण तिला दुकानात हिंडून, हाताने चाचपून वस्तू घेण्याची मनापासून आवड होती आणि ती आवड गेली होती.

पहिल्या दोन भेटींत मी चुकले. मी तिला 2000 साली प्रसिद्ध झालेल्या, मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगाबद्दल सांगितले. त्यात विद्यार्थ्यांना अवघडल्यासारखे वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले होते. जवळपास निम्म्या लोकांचे आपल्या शर्टाकडे लक्ष गेले असेल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांचेच गेले. लोक आपल्याला वाटते तितके आपल्याकडे पाहत नाहीत, असे मी तिला मोठ्या खात्रीने सांगितले. तिने शांतपणे विचारले, “मॅडम, त्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला शर्टामुळे ट्रायल रूमच्या दारात अडवले होते का?”

पुढच्या वेळी ती वही घेऊन आली. हिशेब करणारीच ती. त्या चपलांच्या प्रसंगाआधीच्या वर्षातल्या खरेदीच्या नोंदी तिने आठवून, तारखांच्या अंदाजासह लिहिल्या होत्या: मागून आलेल्या ग्राहकाला आधी माल दाखवला गेला ते प्रसंग, सुरक्षारक्षक रांगेरांगेतून मागे चालत राहिला ते प्रसंग, कार्डावरचे जुने नाव काउंटरवर मोठ्याने वाचले गेले तो प्रसंग, कोणी मोबाइल वर करून फोटो काढला तो प्रसंग. जेथे काही घडले नव्हते त्या खेपाही प्रामाणिकपणे मांडल्या होत्या. वही वाचून झाल्यावर मी तिची माफी मागितली. विचार तपासण्याआधी घटना मान्य करावी लागते. हे मी इतरांना शिकवत आले होते, आणि येथे मीच विसरले होते.

मानसशास्त्रज्ञ इलन मायर यांनी 2003 साली समलिंगींसारख्या लैंगिक अल्पसंख्याकांवरील जादा ताणाची जी मांडणी केली, ती हेन्ड्रिक्स आणि टेस्टा यांनी 2012 साली पारलिंगी व्यक्तींसाठी विस्तारली. तिचा साधा अर्थ असा, की प्रत्यक्ष अपमान हा ताणाचा एक भाग असतो, तो केव्हाही होईल म्हणून सतत सावध राहणे हा दुसरा, आणि लोकांचे मत आपल्याच मनात मुरणे हा तिसरा. पहिला भाग माझ्या खोलीत बसून बदलत नाही. तिसऱ्यावर मात्र काम करता येते, आणि ते कसे करावे ते मला पाचव्या भेटीत सापडले.

मी तिला विचारले, “त्या मुलीने ‘सर’ म्हटले, त्याच क्षणी तुमच्या मनात आलेले पहिले वाक्य कोणते? नंतर सुचलेले नको.”

ती बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “पकडली गेले.”

“पकडले कोणाला जाते?”

“चोराला.”

“तुम्ही काय चोरले होते?”

या प्रश्नानंतरची शांतता मी मोडली नाही, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या कामात न बोलण्याबद्दल मला अभिमान वाटावा असे जे थोडे प्रसंग आहेत त्यांत हा एक आहे. तिचे डोळे भरून आले, आणि मग ती चक्क हसली. “मॅडम, मी तर पैसे द्यायला गेले होते.”

राग त्या मुलीचा होता, दुःख अपमानाचे होते, पण आठ महिने घरात बसवणारी गोष्ट होती ती चोरी उघडकीस आल्याची भावना. आपण स्त्री असल्याचे सोंग करतो आहोत असा आरोप लहानपणापासून ऐकलेला असल्यामुळे विक्रेत्या मुलीचे एक वाक्य तिला निकालासारखे ऐकू आले. माझा ओढा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीकडे आहे, हे वाचकांनी ओळखले असेलच. घटना वाईट असू शकते, खूप वाईट असू शकते, मात्र तिच्यावरून स्वतःच्या किमतीचा निष्कर्ष काढणे ही वेगळी कृती आहे, हा तिचा गाभा मला आजही पटतो. लाज घालवण्यासाठी मुद्दाम चारचौघांत लाजिरवाणे वाटेल असे काही करावे, हा एलिस यांचा प्रसिद्ध सराव मात्र मी पारलिंगी अशिलांना कधीही देत नाही. इतरांना फार तर हसू सहन करावे लागते, यांच्या बाबतीत मार खाण्याचाही धोका असतो.

म्हणूनच उत्तर द्यावे की निघून यावे, हा धैर्याच्या परीक्षेचा प्रश्न मानू नये, असे मी सांगते. येथे मी सुरक्षित आहे का, आज माझ्यात बळ आहे का, आणि या क्षणी मला वस्तू हवी आहे की दिलगिरी, एवढे पाहून ठरवावे. घोळका जमत असेल, कोणी दारूच्या नशेत असेल, तर बाहेर पडणे हेच शहाणपण आहे आणि त्याबद्दल रात्री स्वतःवर खटला चालवायचा नाही. बोलायचे ठरले तर दोनच वाक्ये पुरतात, मात्र ती घरी मोठ्याने म्हणून तोंडात बसवलेली असावीत: “मी बाई आहे, मला मॅडम म्हणा. हाच जोड एक नंबर मोठा दाखवा.” दुसरे वाक्य मी मुद्दाम जोडते, कारण त्यामुळे बोलणे वादात न अडकता पुन्हा खरेदीवर येते आणि चुकून बोललेल्या विक्रेत्यालाही सावरायला वाट मिळते. हेतुपुरस्सर बोललेला असेल तर तेही लगेच कळते. तक्रार करायची असल्यास त्याच दिवशी तारीख, वेळ, नेमके शब्द आणि साक्षीदार लिहून काढावेत, पावती जपावी आणि व्यवस्थापकाकडे लेखी द्यावे. ग्राहकाला लिंगओळखीवरून सेवा नाकारणे अनेक देशांच्या कायद्याने निषिद्ध आहे. तरीही प्रत्येक अपमानाची तक्रार करण्याचे ओझे कोणी घेऊ नये.

सोबत येणाऱ्या मित्रमैत्रिणींनी आपल्या वतीने भांडण सुरू करण्याआधी विचारावे. पुष्कळदा शेजारी उभे राहून रंगाबद्दल गप्पा चालू ठेवणे अधिक उपयोगी पडते. रांगेत असलेल्या अनोळखी ग्राहकाने “आधी यांचा नंबर आहे” एवढे म्हटले तरी पुष्कळ.

तिचे वडील एकदा भेटीला आले आणि “यावर औषध नाही का, म्हणजे लोक बोलणारच नाहीत,” असे म्हणाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली मंजूर केलेल्या आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लिंगओळखीची ही विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढली आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते कितपत पटले ते माहीत नाही. पण जाताना त्यांनी मुलीला तिच्या नव्या नावाने हाक मारली.

पुढे ती त्याच दुकानात गेली, थोरल्या बहिणीला घेऊन. विक्रेती दुसरीच होती. तिनेही ‘सर’ म्हटले, दोन वाक्ये ऐकली, दिलगिरी वगैरे व्यक्त केली नाही, पण जोड आणून दिला. पंधरा दिवसांनी ती मला सांगत होती की चप्पल अंगठ्याला चावते म्हणून ती बदलायला ती एकटीच गेली होती, आणि कोणी काही बोलेल का हा विचार तिला काउंटरवर पावती शोधताना आला. पावती पिशवीच्या तळाशी निघाली.